नारूला एक वर्ष लागतं

अंबड,
१३ ऑक्टोबर १९७६

चि. तातेराव यास,

सोमवार, ११ ऑक्टोबर १९७६, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. ही वेळ मी अंदाजानं लिहीत नाही, पोस्टातल्या कागदावर ती आहे. टपालाची थैली जालन्याच्या बसनं निघायला दहा मिनिटं बाकी होती. त्या वेळी आपल्या घरच्या कुणीतरी, मी सकाळी अकराला रजिस्टर केलेलं पाकीट सही करून परत नेलं. मंगळवारी मी तिकिटं आणायला गेले तर पोस्टातले बद्रीनाथ मान खाली घालून म्हणाले, "बाई, पाकीट परत घ्यायचा अर्ज नियमात व्हता. घरचंच माणूस व्हतं. नाव मला सांगता येत न्हाई." नाव सांगायची गरजच नव्हती. बेबीचा अर्ज सोमवारी जाईल असं कार्ड मी शनिवारीच परतूरला टाकलं होतं. ती माझी चूक.

पाकिटात काय होतं ते तुला नीटसं माहीत नसेल असं धरून सांगते, कारण माहितीपत्रक तू उघडून पाहिलंस असं मला वाटत नाही. तुझी मुलगी बेबीनंदा एम.बी.बी.एस. झाली. आपल्या घराण्यात पहिली. आता ती हसनाबादच्या आरोग्य केंद्रात इंटर्नशिप करते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात डॉक्टरकीची वरची पदवी आणि संशोधनाची डॉक्टरेट अशा दोन्ही एकत्र करता येतात. सात वर्षं लागतात, खर्च तेच देतात, आणि परदेशी मुलांसाठी वर्षाला दोनच जागा असतात. पंधरा नोव्हेंबरपर्यंतचा टपालाचा शिक्का चालतो. तिच्या औरंगाबादच्या सरांनी तिचं नाव स्वतःहून सुचवलं. तिनं इंग्रजी तपासायला कागद माझ्याकडे दिले. मी तिचं निवेदन तीनदा लिहून काढलं, कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलं आणि त्याच्या चुका त्याच्याकडूनच दोनदा सुधारून घेतल्या. ते सगळं आता तुझ्या ट्रंकेत पडलं आहे.

कारण मला ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये तू परभणीच्या बँकेतल्या मुलाचं स्थळ सांगायला आला होतास. चहा पिताना म्हणालास, "आत्याबाई, सात साल म्हंजे पोरगी तिशी पार करती. मंग लग्न कवा?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही, कारण माझ्या तोंडात बिस्किट होतं. आता देते. लग्न तिशीनंतरही होतं, चाळिशीनंतरही होतं, आणि नाही झालं तरी बाई जगते. मी एकसष्ट वर्षं जगले आहे. अमेरिकेतली ती जागा मात्र आपल्या मुहूर्तासाठी रिकामी राहणार नाही.

पाकीट न फोडता अंबडला आणून दे. आणि ते का नेलंस याचं लेखी उत्तर बुधवार, २० ऑक्टोबरच्या टपालापर्यंत मला मिळालं पाहिजे. तोंडी चालणार नाही. तोंडी तू फार गोड बोलतोस.

तुझी आत्या,
कांताबाई वाहुळे
(निवृत्त मुख्याध्यापिका)


परतूर,
१७ ऑक्टोबर १९७६

ती. आत्याबाईंस तातेरावचा सप्रेम जयभीम.

पत्र भेटलं. तुम्ही लेखी मागितलं म्हणून लेखी देऊन राह्यलो. माझा हात रेल्वेच्या सांध्यावर बराबर चालतो, कागदावर न्हाई, म्हणून चुकभूल माफ करावी.

सोमवारी मी आठ ते चार ड्युटीवर व्हतो. तीनच्या सुमाराला मालगाडी आल्ती, तिला बाजूच्या लाइनीवर घ्यायचं काम मीच केलं. स्टेशनमास्तरांच्या रजिस्टरला सही हाय. बघायची असल तर कवाबी या, चहा पाजीन, बिस्किटबी देईन.

परभणीच्या स्थळाला मी पोळ्याच्या आठवड्यातच न्हाई कळवलं. बेबी म्हणली, "आबा, आत्ता न्हाई." मंग मी दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. तुम्हाला सांगितलं न्हाई, कारण तुम्ही म्हणल्या असत्या, मी तर आधीच सांगितलं होतं. त्ये ऐकायची हिंमत न्हवती.

आता एक इचारतो, राग धरू नका. पाकिटाच्या मागं पाठवणार म्हणून नाव कुणाचं घातलं व्हतं? माझं का तुमचं? ज्याचं नाव त्यालाच पोस्टवाले परत देतेत. त्ये आठवा.

सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं बेबी घरी आल्ती. न कळवता. तिच्या आईनं भाकर वाढली, तिनं अर्धी खाल्ली. पिशवीत मोठं पाकीट व्हतं, वर रजिस्टरचा शिक्का. मी इचारलं न्हाई. मंगळवारी सकाळच्या गाडीनं हसनाबादला गेली.

तिला दटावू नका. तुमच्यापुढं तिचं तोंड उघडत न्हाई. आमचं तरी कुठं उघडतं.

आपला,
तातेराव


अंबड,
२० ऑक्टोबर १९७६

बेबीनंदा,

तुझ्या वडिलांचं उत्तर मुदतीत आलं. पाकिटावर नाव तुझं होतं. मीच घातलं होतं, माझ्याच अक्षरात. तुझ्या वडिलांची माफी मागायची आहे, ती सवडीनं मागेन.

पोस्टापासून माझं घर चालत सात मिनिटं. तू अंबडला आलीस, पोस्टात गेलीस, सही केलीस आणि माझं दार न वाजवता बस धरलीस. पाकिटापेक्षा हे मला जास्त लागलं. पण ते बाजूला ठेवते.

तू घाबरलीस असं मी धरते. परका देश, परकी भाषा, बर्फ. माझे वडील सिकंदराबादच्या छावणीत खानसामा होते आणि त्यांच्या साहेबाच्या शब्दावर सिस्टरांनी मला कॉन्व्हेंटात घेतलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहिले तीन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. चौथ्या महिन्यात उघडलं, ते अजून मिटलेलं नाही, असं तुझे वडील म्हणतात. भीती जाते. तारीख मात्र गेली की गेली.

अर्ज का परत घेतलास आणि पुन्हा कधी टाकणार, एवढंच लिही. २७ तारखेपर्यंत.

आजी


हसनाबाद,
२४ ऑक्टोबर १९७६

ती. आजीस सप्रेम जयभीम.

मी घाबरले नव्हते. म्हणजे अमेरिकेला नाही. तुमच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरले, ती भीती वेगळी. तुमच्यासमोर मला नाही म्हणता येत नाही. दुसरीत तुम्ही मला पाढे म्हणायला उभं केलं होतं, तेव्हापासून. म्हणून लिहिते.

तुम्ही हसनाबादलाही टाकलेलं कार्ड मला सोमवारी सकाळी मिळालं. मी निवेदन एकदा वाचून मग अर्ज जाईल असं मला वाटलं होतं. मी पळत बस गाठली. पाकीट घेतलं, जालन्याच्या स्टँडवर फोडलं आणि वाचलं. इंग्रजी फार सुंदर आहे. त्यात मी लहानपणापासून मानवतेच्या सेवेनं भारावलेली मुलगी आहे. आजी, मी तशी नाही. मी दिलेल्या कच्च्या कागदात चार पानं नारूच्या रोगावर होती. ती तुम्ही काढून टाकलीत आणि कार्डाच्या समासात लिहिलंत की जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवता येणार नाही असं काही सभ्य निवेदनात नसावं.

नारूच माझा अर्ज आहे. तो काढला तर उरतं काय?

हसनाबादपासून तासाभराच्या सायकलवर कोनडवाडी आहे. तुम्ही तिथे पूर्वी शिकवत होतात, म्हणून गाव कसं आहे ते सांगत नाही. या उन्हाळ्यात मी घरोघर फिरून मोजलं. वरच्या गावात एकशे त्रेचाळीस घरं, त्यांत एकसष्ट माणसांना नारू. आपल्या वस्तीत चौतीस घरं, एकालाही नाही. मी दोनदा मोजलं. मग पाणी पाहिलं. वरचं गाव बारवेचं पाणी पितं. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि हंडा बुडवायचा. आपल्या लोकांना ती बारव कधी शिवू दिली नाही, म्हणून त्यांनी स्वतःचा आड खणला. आडाला पायऱ्या नाहीत, दोरानं पाणी ओढायचं, कुणाचाच पाय पाण्याला लागत नाही. ज्यांना पायऱ्या बंद होत्या तेवढेच वाचले. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला मी हे सांगितलं तर तो बराच वेळ हसला. म्हणाला, "मंग आता आभार मानायला जाऊ का त्यायचे?"

तुम्हाला नारूची गोष्ट किळसवाणी वाटते, पण एकदा वाचा. पाण्यात जेमतेम दिसेल एवढा जलपिसू असतो आणि नारूचं पिल्लू त्याच्या पोटात. पाण्याबरोबर ते माणसात जातं. मग वर्षभर काही कळत नाही. वर्षानं पायाला फोड येतो, फुटतो आणि हातभर लांब दोरा बाहेर यायला लागतो. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळायचा. तुटला तर पाय पिकतो. तोच पाय बारवेत बुडाला की पुन्हा पहिल्यापासून.

मे महिन्यापासून मी वरच्या गावातल्या बायांना दुहेरी फडक्यानं पाणी गाळायला सांगते आहे. सगळ्यांनाच सांगितलं. अठ्ठावन्न घरं गाळतात, बाकीची हसतात. सगळ्यात आधी ऐकलं ते गोजरबाई नावाच्या बाईनं. तिचा उजवा गुडघा सरळ होत नाही. मोजणीत म्हणाली, "मला धरू नका, माझा नारू लई जुना हाय." गाळणाऱ्या घरांत खरंच फरक पडला का, हे पुढच्या एप्रिल-मेमध्ये कळेल. त्याआधी नाही. नारूला एक वर्ष लागतं, मी कितीही घाई केली तरी.

माहितीपत्रकाचं अकरावं पान तुम्ही पाहिलंत का? अर्जदारानं स्वतंत्रपणे पूर्ण केलेलं एखादं काम दाखवावं, असं तिथे लिहिलं आहे. आणि त्याच्याखाली, एकदा नाकारलेला अर्जदार पुन्हा अर्ज करू शकत नाही. माझं काम अर्धं आहे. अर्ध्यावर अर्ज केला आणि नाही म्हणाले, तर दार कायमचं बंद.

सरांना मी विचारलं. ते म्हणाले, परदेशी मुलांच्या दोन जागा पुढच्या वर्षी राहतीलच याची खात्री नाही, तशी चर्चा तिकडे आहे. म्हणजे थांबले तरी दार बंद होऊ शकतं. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तरी थांबावं असं मला वाटतं. डिसेंबरात इंटर्नशिप संपली की इथेच तात्पुरती जागा मिळण्यासारखी आहे.

पाकीट माझ्याकडे नीट आहे. रागावू नका, किंवा रागवा, पण पत्र लिहा.

तुमची,
बेबी


अंबड,
२८ ऑक्टोबर १९७६

बेबी,

रागावले आहे. लिहिते आहे.

तू एक वर्ष म्हणतेस. मला एक वर्ष माहीत आहे. १९३४ साली मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या मदर सुपीरियरनी मला बायकांच्या डॉक्टरी शाळेत जागा मिळवून दिली होती. कागद आला होता, मी हातात धरला होता. त्या म्हणाल्या, कांता, तू अजून कच्ची आहेस, एक वर्ष थांब, तोवर इथल्या छोट्या मुलींना शिकव, तुझा पाया पक्का होईल. मी थांबले. वर्ष भरायच्या आत त्यांची बदली आयर्लंडला झाली. नव्या मदरना माझं नावसुद्धा माहीत नव्हतं. कागद कुठे गेला कुणाला सापडला नाही. एका वर्षाची ती मास्तरकी मी एकोणचाळीस वर्षं केली. हे तुझ्या वडिलांना माहीत नाही, त्यांच्या वडिलांनाही नव्हतं. म्हणून कुणी मला एक वर्ष म्हटलं की मला पुढचं ऐकू येत नाही.

निवेदनाबद्दल तू म्हणतेस ते मी वाचलं. चार पानं काढली ती मी काढली. त्यावर नंतर बोलू.

आता कामाचं. तुला एका वर्षाचे आकडे हवेत म्हणून तू थांबतेस. आकडे आहेत. १९५३ ते ५९ अशी सहा वर्षं कोनडवाडीची मुलींची शाळा माझ्याकडे होती. वरच्या गावातल्या मुली माझ्या पटावर होत्या, त्यांच्या घरच्यांना ते आवडत नसतानाही. हजेरीचे कॅटलॉग मी स्वतः लिहिले आहेत. कोण, किती दिवस, का आलं नाही, सगळं. गैरहजेरीला कारण लिहिल्याशिवाय मी पान उलटत नसे, ही माझी जिल्ह्यात ख्याती होती. नारूनं घरी बसलेली प्रत्येक मुलगी त्यात सापडेल, महिन्यासकट. तुझं एक वर्ष कशाला, मी तुला सहा वर्षं देते, तीही आयती. ती अर्जाला जोड, तुझी चार पानं परत घाल, आणि पंधरा तारखेच्या आत पाकीट टाक.

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे, पण शिपाई कडूबा जुना माणूस आहे, कुलूप उघडेल. सोमवारी, एक तारखेला मी कोनडवाडीला जाते. पाच नोव्हेंबरच्या आत तुला आकडे मिळतील. तोवर तू काही ठरवू नकोस.

आजी


हसनाबाद,
९ नोव्हेंबर १९७६

ती. आजीस सप्रेम जयभीम.

पाच तारीख गेली. तुमची मुदत चुकलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली, म्हणून जास्त काळजी वाटते.

काल कोनडवाडीला गेले होते. कडूबामामा भेटले. म्हणाले, तुम्ही सोमवारी आणि मंगळवारी असे दोन दिवस शाळेत बसलात, जुने कॅटलॉग सगळे काढलेत, पहिल्या दिवशी त्यांच्यावर तीनदा ओरडलात आणि दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. "बाई चूप झाल्या ना, मंग मला भेव वाटलं," असं ते म्हणाले. बुधवारी तुम्ही वरच्या गावात कुणाकडे तरी गेलात आणि तिथून परस्पर बस धरलीत. मी इथे केंद्रावरच होते. तुम्हीही माझ्या दारावरून गेलात, आजी.

चष्मा शाळेत राहिला होता. तो पिशवीत आहे, आबांच्या हाती पाठवते. दुसरा आहे का वाचायला?

पंधरा तारखेला सहा दिवस आहेत. खरं सांगते, तुमचं पत्र आल्यावर मी डळमळले. मदरांचं आणि त्या कागदाचं वाचून दोन दिवस मला काम सुचलं नाही. मी फार शहाणपणा करते आहे आणि पुढच्या वर्षी त्या जागाच नसतील, मग मीही इथे एका वर्षासाठी म्हणून राहीन आणि राहूनच जाईन, असं वाटायला लागलं. निवेदन मी माझ्या इंग्रजीत पुन्हा लिहून ठेवलं आहे. तुमचे आकडे खरे असतील तर त्यात घालायला जागा सोडली आहे. तुम्ही तार केली, "आहेत", एवढीच, तरी मी पंधराच्या आत टाकेन. नसतील तर थांबेन.

पण काहीतरी कळवा.

बेबी


अंबड,
१२ नोव्हेंबर १९७६

चि. बेबीस,

तार केली नाही. तारेत मावणारं नव्हतं. दुसरा चष्मा आहे, जुना. त्यानं लिहिते आहे, अक्षर वाईट आलं तर समजून घे.

कॅटलॉग सगळे मिळाले. कडूबानं वाळवी लागू दिली नाही, हे त्याला सांग, मी सांगायचं विसरले. सहा वर्षांत माझ्या पटावरून तेवीस मुलींची नावं कमी झाली. नियम होता: महिनाभर सलग गैरहजर राहिली की नाव कमी करायचं. ते मी लाल शाईनं करत असे, पट्टी लावून. तेवीसपैकी चार मुली लग्न होऊन गेल्या, ते मला आठवतं. उरलेल्या एकोणीस. त्या एकोणीसजणींची नावं मी मार्च, एप्रिल, नाही तर शाळा उघडल्यावर जुलैत कमी केली आहेत. बाकीच्या महिन्यांत एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळे कॅटलॉग महिन्यांप्रमाणे लावले तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं. तू मला जलपिसू आणि बारव समजावून सांगितली नसतीस तर तेव्हाही आलं नसतं.

आता कारण. कारणाचा रकाना होता, छापलेला होता. माझी जिल्ह्यात ख्याती होती असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं. एक-दोन दिवस न आलेल्या मुलीपुढे मी कारण लिहिलं आहे: ताप, पाहुणे, बाजार. पण या एकोणीसजणींपुढे माझ्या सुवाच्य अक्षरात एकच शेरा आहे, "सतत गैरहजर, नाव कमी." जी दोन दिवस आली नाही तिची मी चौकशी केली. जी दोन महिने आली नाही तिची नाही केली. तिच्यासाठी नियम होता.

बुधवारी वरच्या गावात गेले ती गोजरबाईकडे. तुझ्या पत्रातलं नाव कॅटलॉगातही निघालं: चौथीचा वर्ग, नाव कमी, एप्रिल १९५६. पाटीवर बेरीज सगळ्यांच्या आधी करायची ती. मला तिनं ओटीवर बसवलं. माझ्या वेळी त्या घरी मला अंगणात उभं ठेवून बोलत. चहा दिला, कपात. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं. ती म्हणाली, "बाई, मी दोन महिने खाटंवर व्हते. गुडघ्यातून नारू निघाल्ता, तो तुटला. उठून लंगडत शाळेत आल्ते तर पटावर नाव न्हाई. बाप म्हणला, बाईनंच काढलं, आता बस घरी."

मी म्हटलं, मला सांगायचं होतंस.

"तुम्हाला?" ती म्हणाली. "तुमच्यापुढं कुणाचं तोंड उघडायचं, बाई?"

हे वाक्य मी या महिन्याभरात तिसऱ्यांदा ऐकलं. पहिल्यांदा तुझ्या वडिलांकडून, मग तुझ्याकडून. तुझ्या केंद्रावर का थांबले नाही, ते आता तुला कळलं असेल. तूही माझ्या कोपऱ्यावरून परत फिरलीस. आपली फिट्टंफाट झाली असं समज.

निघताना तिची मुलगी बारवेवरून आली. चौथीतच आहे. गोजरबाईनं हंड्यावर धोतराचं फडकं दोन घड्या करून बांधलं आणि पाणी ओतलं. मला म्हणाली, "तुमच्या नातीनं सांगितलं तवापासून एक दिस चुकवला न्हाई. पर खरंच थांबतं का, त्ये तिलाच म्हाईत." मी म्हटलं, तिलाही अजून माहीत नाही, मेमध्ये कळेल.

तेव्हा तुझा प्रश्न सुटला. माझे आकडे अर्जाला जोडता येणार नाहीत. एकोणीस नावं आणि महिने आहेत, कारण नाही. मी अंदाजानं नारू लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटा शेरा मी एकोणचाळीस वर्षांत मारला नाही. नुसता अपुरा मारला. या वर्षी अर्ज करू नकोस. मला जे वर्ष थांबवलं त्यात करायला काही नव्हतं, नुसतं थांबायचं होतं. तुझ्या वर्षात काम आहे. दोन्हींना मी एकच समजत होते. पुढच्या वर्षी त्या जागा राहिल्या नाहीत तर तू मला दोष देशील, आणि तो मी घेईन. माझ्या खांद्याला सवय आहे.

अर्ज शनिवारी, १ ऑक्टोबर १९७७ रोजी सकाळी अकरा वाजता अंबडच्या पोस्टात पडेल. निवेदन तुझ्या इंग्रजीत. मी एक स्वल्पविरामही हलवणार नाही, फार झालं तर डोळे मिटून घेईन. नारूची चारही पानं पहिली येतील. ज्यांना जेवताना वाचवणार नाहीत त्यांनी जेवण झाल्यावर वाचावीत. पाकिटावर नाव तू घालशील, पावती तू घेशील, मी नुसती बाजूला उभी राहीन. बद्रीनाथांना मी हे आजच सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "बाई, अकरा महिने आधी?" मी म्हटलं, हो.

तुझ्या वडिलांना माफीचं पत्र या टपालानंच टाकलं आहे. अर्धं पान भरलं. त्यात बिस्किटाचा उल्लेख आहे.

सोबत एकोणीस नावांची यादी जोडते. सातजणी गोजरबाईला माहीत आहेत: दोघी कोनडवाडीतच, एक परतूरला, बाकीच्या भोकरदनच्या बाजूला. बाराजणींचा पत्ता नाही. तो मी काढणार आहे. लग्न होऊन गेलेल्या बायका शोधायला कुणीतरी म्हातारी, रिकामी आणि उद्धट बाई लागते. तशी मी एकटीच आहे. प्रत्येकीला काय झालं होतं, कोणत्या महिन्यात, पाणी कुठलं प्यायची, हे विचारून त्या रकान्यात लिहीन. वीस वर्षं उशीर झाला आहे, पण रकाना अजून कोरा आहे. तुझ्या अभ्यासाला त्याचा उपयोग होईल की नाही हे तू ठरव, मी नाही.

आता एक विचारायचं आहे. दर रविवारी मी कोनडवाडीला येऊन तुझ्या वहीत घरांची नोंद धरायला बसले, तर चालेल का? मी मोजणार नाही, सल्ला देणार नाही, कुणाला उभं करून पाढे म्हणायला लावणार नाही. तू सांगशील ते लिहीन.

हो किंवा नाही, ३० नोव्हेंबरच्या आत लेखी कळव. लेखी अशासाठी मागते की माझ्या तोंडावर तुला नाही म्हणता येत नाही.

आजी